टिळकवाडीतलं खादी-ग्रामोद्योग प्रदर्शन: कापड, कातणाऱ्या बायका आणि मजुरीचा हिशेब

2025 मध्ये दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आले. त्या आठवड्यात बेळगावच्या टिळकवाडीत खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन भरलं होतं. शनिवारी दुपारी दुकान बंद ठेवून मी तिथं गेले, ती दिवेलागणीला परतले. जाहिरातीच्या फलकावर ‘अहिंसा, स्वावलंबन, ग्रामविकास’ असे तीन शब्द होते. या तिन्हींपैकी प्रत्यक्षात काय बघायला मिळालं, ते लिहिते. असली प्रदर्शनं आता निपाणी, चिकोडीकडंही भरतात, तेव्हा जाणाऱ्यांना उपयोग होईल.

मी बेळगावातल्याच शहापुरात शिवणकाम करते. शर्ट, कुर्ते, ब्लाऊज, शाळेचे गणवेश. म्हणून सुरुवात कापडापासून.

खादीचे गाळे बरेच होते. सगळीकडं कापड हाताला वेगवेगळं लागत होतं, आणि तसंच लागायला हवं. हातानं कातलेल्या सुतात जाड-बारीकपणा राहतो, उजेडासमोर धरलं की तो दिसतो. एका कोपऱ्यातल्या गाळ्यावर मात्र कापड फार एकसारखं होतं. मी किनारीचा एक धागा ओढून मागितला आणि बाहेर जाऊन पेटवला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची भुरभुरीत राख होते. हा वितळला आणि टोकाला काळा मणी झाला. पॉलिस्टर मिसळलेलं पॉलीवस्त्र होतं ते. पॉलीवस्त्र विकण्यात गैर काहीच नाही. केंद्र सरकारच्या खादी आयोगाच्या संस्थाही ते करतात, ते टिकतं आणि त्याला इस्त्री कमी लागते. पण तसं पाटीवर लिहायला हवं. पूर्ण सुती समजून घेतलेला कुर्ता उन्हाळ्यात अंगाला चिकटला की माणूस पुन्हा खादीच्या वाटेला जात नाही. तुम्ही गेलात तर ‘खादी मार्क’ कुठं आहे ते विचारा. तो 2013 पासून आहे आणि खऱ्या खादीच्या ठाणावर किंवा लेबलवर असायला हवा. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही.

सर्वांत चांगलं कापड हुदलीच्या खादीचं होतं. आपल्याच तालुक्यातलं गाव. गंगाधरराव देशपांड्यांचं गाव म्हणून आपण ते ऐकलेलं असतं. टिळकांचे अनुयायी असलेले गंगाधरराव पुढं गांधीजींबरोबर गेले, या भागात खादी रुजवली आणि ‘कर्नाटकचे खादी भगीरथ’ म्हणून ओळखले गेले. 1937 च्या एप्रिलमध्ये गांधी सेवा संघाची बैठक हुदलीलाच भरली होती आणि गांधीजी त्यासाठी गावात येऊन राहिले होते. त्या गावाचं कापड आजही मिळतं आणि ते शिवता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं. मी घेतलेलं शर्टाचं कापड फिकट राखाडी, 36 इंच पन्ह्याचं. मीटरला 340 रुपये, सूट धरून 272. पूर्ण बाह्यांच्या शर्टाला या पन्ह्याचं अडीच मीटर लागतं, म्हणजे 680 रुपये. घरी आल्यावर रात्रभर पाण्यात भिजवलं. मीटरमागं दीड इंच आटलं, खादीच्या मानानं हे बरंच कमी. रंग पाण्यात उतरला नाही. कातरताना कडा सुटतात, म्हणून शिंप्याला आतली शिलाई बंद करून घ्यायला सांगा, आणि कापड न भिजवता कातरू देऊ नका. पहिल्या दोन धुण्यांना हलकी खळ दिलीत तर कॉलर नीट बसते.

आता कातणाऱ्या बायकांकडं येते. या प्रदर्शनाला जायचं खरं कारण त्या आहेत.

मंडपाच्या मागच्या बाजूला, पार्किंगच्या कडेला, चार बायका चरखे घेऊन बसल्या होत्या. दोघींकडं पेटीत मावणारा पेटी चरखा, दोघींकडं आठ चात्यांचा, म्हणजे एकावेळी आठ धागे काढणारा, अंबर चरखा. समोरून येणाऱ्याला त्या दिसतच नव्हत्या. मला दिसल्या त्या पाण्याचा नळ शोधताना. बैलहोंगलकडच्या एक बाई होत्या, साठीच्या आसपासच्या. कन्नड त्यांची, मराठी बाजारापुरती. माझ्या नणंदेची मुलगी आठवीत आहे, ती बरोबर होती. तिला बाईंनी काही न विचारता शेजारी बसवून घेतलं, तिच्या डाव्या हातात पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, दिला आणि उजवा हात चाकाच्या मुठीवर ठेवला.

धागा तुटला. पुन्हा जोडला, पुन्हा तुटला. मुलगी चाक जोरात फिरवत होती आणि पेळू धरलेला हात जागचा हलत नव्हता.

“चाक हळू की, बाळा. हात मागं, हात मागं. चाक आपलं आपण येतंय.”

मग एकदाचा हातभर धागा निघाला. जाडजूड, गाठींचा. बाईंनी तो चातीवरून काढून तिच्या मनगटाला बांधला आणि म्हणाल्या, “हे तुझं.” मुलगी तिथून उठायला तयार होईना. मंडपात स्वावलंबनावर तासभर भाषण झालं, त्यातलं तिला काही आठवत नाही. पण पेळू कसा धरायचा, पीळ पडला की धागा कसा ताठ होतो आणि जास्त पडला की कसा तुटतो, हे ती घरी सगळ्यांना करून दाखवते आहे.

मुलगी कातत होती तोवर मी बाईंना मजुरी विचारली. माझ्या धंद्यात आम्ही हे एकमेकींना विचारतोच.

“गुंडीला पंधरा, अक्का. आधी साडेबारा होतं.”

एक गुंडी म्हणजे 1000 मीटर सूत. 2023 च्या एप्रिलपर्यंत गुंडीला साडेसात रुपये मिळायचे. त्या एप्रिलपासून दहा झाले, 2 ऑक्टोबर 2024 पासून साडेबारा आणि 1 एप्रिल 2025 पासून पंधरा. दोन वर्षांत दर दुप्पट झाला ही चांगलीच गोष्ट आहे, आणि बाईंनाही तिचा आनंद होता. अंबर चरख्यावर दिवसभर बसलं, वीज किंवा पेळू यांनी दगा दिला नाही, तर वीसेक गुंड्या होतात म्हणाल्या. म्हणजे 300 रुपये. आपल्या कर्नाटकात रोजगार हमीचा रोज 2025-26 साली 370 होता. शेतावर जास्त मिळत असेल ना, असं मी विचारलं. “मिळतंय की. पण गुडघं कुठं राहिलंत? इथं सावलीत बसून होतंय.”

मी घेतलेल्या कापडाचा हिशेब मग तिथंच बसून मांडला. माझ्याकडं धागे मोजायचं भिंग असतं. कापडाला इंचात साधारण चाळीस उभे आणि चाळीस आडवे धागे होते. 36 इंच पन्ह्याला 1440 उभे धागे झाले, म्हणजे एक मीटर कापडात 1440 मीटर उभं सूत, आणि आडवंही जवळपास तितकंच. सगळं मिळून तीन गुंड्यांना थोडं कमी. अडीच मीटरला जवळपास सव्वासात गुंड्या. पंधराच्या दरानं 108 रुपये. सुटीआधीची किंमत 850. म्हणजे शर्टाच्या कापडाच्या किमतीतला आठवा भाग सूत कातणाऱ्या बाईचा. उरलेल्यात कापूस आला, पेळू करणं आलं, विणकर आला, रंग, धुलाई, वाहतूक, दुकान हे सगळं आलं. कुणी कुणाला लुबाडतंय असा माझा आरोप नाही. सूट दिली तरी कातणारीची मजुरी कमी होत नाही, ती गुंडीवर आधीच दिलेली असते. पण हा हिशेब गाळ्यावर लिहिलेला असावा असं मला मनापासून वाटतं. ठाणाला किमतीची चिठ्ठी असते, तिच्याच खाली ‘यात सूतकताई इतकी, विणाई इतकी’ एवढ्या दोन ओळी. गिऱ्हाईक घासाघीस कमी करेल, आणि बाई कुठं बसली आहे ते शोधत मागच्या बाजूला येईल.

याच बेळगावात 1924 च्या डिसेंबरात काय घडलं ते आपण शाळेत शिकतो, पण अर्धंच. 26 आणि 27 डिसेंबरला काँग्रेसचं अधिवेशन इथं टिळकवाडीच्या बाजूला भरलं, त्या नगराला ‘विजयनगर’ नाव दिलं होतं, गांधीजी अध्यक्ष होते आणि आयुष्यात काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांनी एवढं एकदाच घेतलं. इतकं सगळ्यांना माहीत असतं. त्या अधिवेशनानं सभासद होण्याची चार आण्यांची वर्गणी बदलली आणि त्या जागी महिन्याला 2000 यार्ड सूत ठेवलं, हे मात्र कमी जणांना माहीत आहे. स्वतः कातलेलं द्यायचं, आजारपण असेल किंवा इच्छा नसेल तर दुसऱ्यानं कातलेलं. आजच्या मापात जेमतेम दोन गुंड्या. वर्षभर टिकला नाही तो नियम, 1925 च्या सप्टेंबरात पाटण्याला तो सैल केला आणि तिथंच चरखा संघ निघाला. तरी विचार करा, देशाच्या कामात शिरायचं दार म्हणून ज्या गावात सूत ठेवलं गेलं, त्याच गावातल्या प्रदर्शनात कातणाऱ्या बायका पार्किंगच्या कडेला होत्या. मंडपात गांधीजींचे मोठमोठे फोटो होते, अधिवेशनाच्या शताब्दीची माहिती होती, आणि 2000 यार्डांबद्दल एक ओळही नव्हती. ती ओळ चरख्यांशेजारी लावली असती आणि ‘या, बसा, तुमच्या वाट्याचं सूत कातून बघा’ म्हटलं असतं, तर शाळेची पोरं रांगा लावून उभी राहिली असती.

माहितीफलक कन्नड आणि इंग्रजीतच होते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून आलेल्या कितीतरी बायका फलकापुढं थांबून तशाच पुढं सरकत होत्या. माझ्या शेजारच्या आजींना मी दोन फलक वाचून दाखवले. तिसरी ओळ मराठीची वाढवायला जागाही लागत नाही आणि खर्चही नाही. गाळ्यांवर याची काही अडचण नव्हती. तिथं आमच्याकडची नेहमीची मिसळलेली बोली चालू होती, विकणारा कन्नडमध्ये भाव सांगत होता, घेणारी मराठीत कमी करत होती आणि व्यवहार होत होता. फलक लिहिणाऱ्यांनी अर्धा तास गाळ्यांवर उभं राहावं.

आता बाकीचे गाळे.

खानापूरच्या मातीच्या भांड्यांना पैकीच्या पैकी. खानापुरात खादी आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे, पिढ्यानपिढ्या तिथली माती नावाजलेली. विजेच्या चाकावर एक तरुण पणत्या काढत होता, मिनिटाला दोन-तीन. त्याच्याजवळ मुलांची गर्दी हटत नव्हती. मी दह्याचं मडकं घेतलं, 120 रुपयांना. पाणी भरून रात्रभर ठेवलं, झिरपलं नाही. दिवाळीच्या पणत्या घ्यायच्या असतील तर इथूनच घ्या.

कोल्हापुरी चपलांचा गाळा अथणीच्या कारागिरांचा होता. पुष्कळ लोकांना अजून ठाऊक नाही की कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, आणि आपला बेळगाव जिल्हा त्यात आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या कारागिरांना मिळून एकच हक्क, असं आपल्या भागात किती गोष्टींत दिसतं? 2025 च्या जूनमध्ये इटलीत मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दिसल्यावर जो गदारोळ झाला त्यानंतर मागणी वाढली आहे, असं गाळ्यावरचे काका सांगत होते. त्यांची सून तिथंच बसून पट्ट्याची वेणी घालत होती. वेणी आणि शिवण घरच्या बायकाच करतात, खिळा कुठंही नाही, सगळं चामड्याच्या वादीनं शिवलेलं. चामडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं. 950 ची जोडी मी घेतली. पहिले काही दिवस टाच लागते, रात्री आतून खोबरेल लावून ठेवा.

मधाचा गाळा साधा, पण माणूस माहितीचा. खानापूरच्या जंगलपट्ट्यात सातेरी मधमाशीच्या पेट्या ठेवतो. पोळं न पिळता यंत्रात फिरवून मध कसा काढायचा आणि पोळं परत पेटीत कसं ठेवायचं, ते त्यानं चौकट हातात देऊन दाखवलं. पोळं जाळून मध काढणाऱ्यांवर तो रागावलेला होता. “माशी मारून मध कशाला ओ पाहिजे?” असं तो एका गिऱ्हाइकाला विचारत होता. अहिंसेवर त्या दिवशी ऐकलेल्या वाक्यांत मला हे सगळ्यांत पटलं.

लाकडी घाण्याचं तेल चांगलं होतं पण महाग. अगरबत्त्या आणि साबण कुठंही मिळतात तसे. आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी चूर्णं आणि बाहेरच्या कंपन्यांची तयार लोणची इथं का होती ते कळलं नाही. ज्या गाळ्यावर वस्तू बनवणारं माणूस किंवा त्याच्या घरचं कुणी बसलेलं होतं, तिथं थांबा. जिथं विकणाऱ्याला ‘हे कुठं बनतं?’ याचं उत्तर देता येत नाही, तिथून पुढं चला. मी दिवसभर एवढीच कसोटी लावली आणि ती चुकली नाही.

जेवण खानापूर तालुक्यातल्या एका महिला गटाकडं होतं. ज्वारीची भाकरी, झुणका, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक, 80 रुपयांत. भाकरी तव्यावरून थेट ताटात. झुणका आमच्याकडच्यापेक्षा तिखट, पण गोळे न झालेला. पत्रावळी आणि मातीचे पेले वापरले होते, हे विशेष आवडलं. व्यासपीठावर मात्र प्रत्येक पाहुण्यापुढं प्लॅस्टिकची पाण्याची बाटली होती. शेजारी खानापूरचे माठ विकायला असताना एक माठ तिथं ठेवता आला असता.

भाषणांपैकी बहुतेकांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. स्वागतं, हार, शाली यातच बराच वेळ गेला. पण संध्याकाळी हुक्केरी तालुक्यातले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक बोलले, आणि ते ऐकण्यासाठी मी थांबले याचं समाधान आहे. त्यांनी अहिंसेची व्याख्या वगैरे सांगितली नाही. आपल्या गावातल्या दोन भावांच्या बांधाची गोष्ट सांगितली. सामायिक विहीर, बांध हातभर सरकलेला, कुऱ्हाडीपर्यंत गेलेलं भांडण, दोन्ही घरांतल्या मुलांचं शाळेत एकमेकांशी बोलणं बंद. गुरुजींनी आधी दोघांना वेगवेगळं बसवून ऐकलं, बरेच दिवस. मग दोघांकडून निम्मे निम्मे पैसे घेऊन सरकारी मोजणी आणली, म्हणजे मोजणीदार कुणा एकाचा होऊ नये. मोजणीच्या दिवशी दोघांच्या बायकांना बांधावर बोलावलं, कारण शिव्या त्यांच्यासमोर निघत नाहीत. दगड रोवले गेले. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या कागदावर लिहून मोटारीच्या खोक्यावर चिकटवल्या. “भांडण मिटलं म्हणजे प्रेम उतू गेलं असं नाही,” गुरुजी म्हणाले, “पण पाळी चुकत नाही आणि पोरं एका बाकावर बसतात.” बोलणं वीसेक मिनिटांचं, आधी कन्नडमध्ये आणि मग स्वतःच मराठीत. मागं बसलेल्या शेतकऱ्यांनी मोजणीच्या अर्जाबद्दल प्रश्न विचारले आणि गुरुजींनी कागद काढून दाखवले. असं बोलणारी चार माणसं चार दिवस बोलवा, मंडप भरेल.

प्रदर्शनाला जोडून ‘वीरसौध’ बघून घ्या. अधिवेशनाच्या जागेवरचं स्मारक आहे, आणि अधिवेशनाला पाणी पुरवण्यासाठी खोदलेली विहीर, आपण जिला काँग्रेस विहीर म्हणतो, तीही तिथंच. तिचं नाव तेव्हा पंपा सरोवर ठेवलं होतं. आत जुने फोटो लावलेत, मुलांना घेऊन अर्धा तास पुरतो. गंगूबाई हनगल लहान मुलगी असताना त्या अधिवेशनात गायल्या होत्या, हे मुलांना तिथंच सांगा.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. रविवारी संध्याकाळी गर्दीत काही बघता येत नाही, शनिवारची दुपार बरी. मोबाइलनं पैसे सगळीकडं घेतात, पण कुंभार आणि भाकरीवाल्या बायकांना रोख दिलेलं सोयीचं पडतं. म्हाताऱ्या माणसांना बसायला खुर्च्या फक्त भाषणाच्या मंडपात होत्या. स्वच्छतागृह होतं आणि स्वच्छ होतं.

भरवणाऱ्यांकडं माझं एकच मागणं आहे. पुढच्या वेळी चरखे प्रवेशद्वाराशी मांडा, बायकांना बसायला चांगली गादी, वर पंखा आणि दिवसाची पूर्ण मजुरी द्या, शेजारी गुंडीचा दर मराठी, कन्नड दोन्हींत लिहा. बैलहोंगलच्या त्या बाईंना मी विचारलं होतं, इथं येऊन बसल्याचे किती देतात? येण्याजाण्याचं भाडं आणि जेवण, म्हणाल्या. दिवसभर लोकांना शिकवताना त्यांच्या स्वतःच्या जेमतेम चार गुंड्या झाल्या होत्या.